औषध पखालीला

बाजारात कोंबडी घेणारा माणूस तिला आधी पंखांशी धरून उचलतो, वजनाचा अंदाज घेतो. मग छातीचं हाड चाचपतो, तुरा लाल आहे का पाहतो, नाकातून पाणी येत नाही ना याची खात्री करतो. एखादा जाणकार शेपटीखालची पिसं फुंकून पिसवा शोधतो. पण कोंबडी उलटी धरून तिचे तळवे पाहणारं गिऱ्हाईक पुसदच्या बाजारात तीस वर्षांत मी दोनदाच पाहिलं, आणि त्यातलं एक मी स्वतः होतो.

पुसद म्हटलं की लोकांना वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन मुख्यमंत्री आठवतात, पूस नदी आठवते, चहूबाजूंचे डोंगर आठवतात. कोंबडीचे तळवे कुणाला आठवणार? तरीही पुसदसह उमरखेड, महागाव, दिग्रस या भागांत कोंबड्या, कबुतरं आणि पिंजऱ्यातले पक्षी पाळणाऱ्यांनी सांगितलेले पायाच्या दुखण्यांवरचे घरचे इलाज गोळा करून ही छोटी पुस्तिका तयार झाली आहे. प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं ते मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली म्हणून. गावात आम्हाला डॉक्टर म्हणतात. आम्ही डॉक्टर नसतो, हे पहिल्याच पानावर सांगून टाकलेलं बरं.

घरच्या इलाजांची यादी छापायची आणि ‘आपले पूर्वज किती शहाणे’ म्हणून मोकळं व्हायचं, असा एक रिवाज आहे. दुसरा रिवाज त्याच्या उलट: हे सगळं अडाणीपण आहे, डॉक्टरकडे जा. दोन्ही रिवाज पुसदच्या माणसाच्या कामाचे नाहीत. पक्ष्याच्या पायाची शस्त्रक्रिया करायची तर अकोल्याची किंवा परभणीची पशुवैद्यकीय संस्था गाठावी लागते, नाहीतर नागपूरचं १९५८ सालापासून चालत आलेलं कॉलेज. जाऊन येण्यात दिवस जातो, आणि कोंबडीच्या किमतीपेक्षा एसटीचं भाडं जास्त होतं. घरचा इलाज ही इथं श्रद्धेची गोष्ट कमी आणि हिशेबाची जास्त आहे. त्यामुळे प्रत्येक इलाजाला एकच प्रश्न विचारायचा: हा पक्ष्याच्या पायावर नेमकं काय करतो?

पक्ष्याच्या पायावर, असं म्हणतोय. माणसाच्या नव्हे.

गहुलीच्या बाजूला एका तांड्यावर हे मला नीट समजलं. एका म्हाताऱ्या याडीची (बंजारा बोलीत याडी म्हणजे आई) कोंबडी लंगडत होती. गिरिराजा जातीचं रक्त असलेली, चांगली थोराड कोंबडी. डाव्या पायाच्या तळव्याला लिंबाएवढी गाठ, आणि गाठीच्या मधोमध मसुरीच्या डाळीएवढी काळी कुळकुळीत खपली. आपल्या पायाला होतं ते कुरूप डोळ्यांसमोर आणा, तसंच. याडीनं आठ दिवस जवसाचं पोटीस गरम गरम बांधलं होतं, अगदी निगुतीनं, दिवसातून दोन वेळा. ती म्हणाली, “पिकतच नाही जी हे. माणसाचं गळू दोन दिवसांत फुटलं असतं.”

बाईचं निरीक्षण अचूक होतं. माणसाचं गळू पिकतं, कारण आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी द्रव्यं असतात. शेकानं रक्त वाढतं, पू पातळ होतो, तोंड धरतो, फुटतो, वाहून जातो. पक्ष्याच्या पेशींत ही द्रव्यं नसतात. त्याचा पू वाहत नाही, घट्ट होत जातो. आधी पनीरसारखा, मग वाळलेल्या खव्यासारखा. तो आत खडा होऊन बसतो, आणि कोंबडी दिवसभर त्याच खड्यावर उभी राहते. पोटीस पुढे आणखी महिनाभर बांधलं असतं तरी ती गाठ फुटली नसती. उलट सततच्या ओल्या शेकानं तळव्याची कातडी भिजून पिचली होती आणि कडेला नवी चीर पडली होती. माणसावर शंभर वेळा गुण आलेला इलाज पक्ष्यावर का चालत नाही, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पुस्तिकेत पोटिसाचे चार प्रकार नोंदले आहेत. माझ्या मते चारही सोडून द्यावेत.

पोटीस जमत नाही म्हटल्यावर पुढची पायरी सगळ्यांना सुचते: कापून काढू. मलाही सुचली होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कोंबड्याच्या तळव्याची खपली मी नव्या ब्लेडनं उचकटली आणि आतला खडा दाबून काढायला गेलो. खडा निघाला, पण त्याच्यामागे रक्त थांबेना. तळव्याच्या त्या गादीखाली बोटं हलवणाऱ्या दोऱ्या असतात, त्यांच्याखाली सांधा. माझं पातं कुठपर्यंत गेलं ते मला कळलंही नाही. कोंबडा चौथ्या दिवशी मेला. मालकानं मला बोल लावला नाही, चहा पाजला. तो चहा अजून घशात आहे.

या दुखण्याला शास्त्रात लांबलचक नाव आहे, इंग्रजी पुस्तकांत त्याला बंबलफूट म्हणतात. तळव्याच्या कातडीला बारीक इजा होते, तिथून जंतू शिरतात. बहुतेक वेळा ते स्टॅफिलोकॉकस, म्हणजे आपल्याही कातडीवर आणि नाकात राहणारे. पण जंतूला आत जायला दार कोण उघडून देतं, हा खरा प्रश्न. मोकळ्या रानात फिरणाऱ्या, उडणाऱ्या पक्ष्यात हे दुखणं क्वचित सापडतं. हे पाळलेपणाचं दुखणं आहे.

म्हणूनच ते पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते ससाणे पाळणाऱ्यांना. पक्षी पाळून त्यांच्याकडून शिकार, झुंज आणि करमणूक करून घेण्याचा शौक आपल्याकडे जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये ससाण्याची शिकार आहे, कोंबड्यांच्या आणि लाव्यांच्या झुंजी आहेत, कबुतरं आहेत. सोळाव्या शतकातल्या कुमाऊंच्या रुद्रदेव राजाच्या ‘श्यैनिकशास्त्रा’त ससाण्यांच्या आजारांवरही लिहिलेलं आहे. हंसदेवाचं ‘मृगपक्षिशास्त्र’ मराठीत आणलं ते मारुती चितमपल्लींनी. विदर्भाच्या जंगलांत आयुष्य काढलेल्या माणसानं पशुपक्ष्यांवरचा तो जुना संस्कृत ग्रंथ हाती घ्यावा, हे त्यांना शोभणारंच होतं. आज ससाण्यांचा सगळ्यात मोठा बोलबाला आखाती देशांत आहे. अबुधाबीत १९९९ पासून फक्त ससाण्यांसाठी म्हणून सुरू झालेलं इस्पितळ आहे, आणि तिथं नेहमी येणाऱ्या दुखण्यांत हे तळव्याचं कुरूप आहेच. लाखो रुपयांच्या ससाण्याला आणि तांड्यावरच्या कोंबडीला एकच रोग होतो. कारणही एकच: चुकीच्या जागेवर फार वेळ उभं राहणं.

पक्षी झोपतो तेव्हाही पायावरच असतो. पाय दुमडला की आतली दोरी ताणली जाते आणि बोटं आपोआप दांडीभोवती मिटतात, म्हणून झोपेत तो पडत नाही. आपल्याला रात्री अंथरूण मिळतं, तळवे मोकळे होतात. त्याला ती सोय नाही. रानातला पक्षी तासाभरात पाच फांद्या बदलतो, एक जाड, एक बारीक, एक तिरकी. प्रत्येक वेळी तळव्याचा वेगळा भाग टेकतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला एकाच जाडीची गुळगुळीत दांडी मिळते आणि तळव्यातली तीच जागा रात्रंदिवस घासली जाते. आधी तिथले बारीक दाणे झिजतात, कातडी गुळगुळीत आणि चकचकीत होते, गुलाबी दिसते. ही पहिली खूण. इथं ओळखलं तर औषध लागतच नाही. कडकनाथची मात्र पंचाईत आहे. त्याची कातडीच काळी असल्यानं लाली दिसत नाही, हाताच्या पाठीनं ऊब पाहावी लागते.

आपल्या भागात दार उघडून देणारी कारणं पाहायची तर आधी शेतात पाहा. सोयाबीन कापल्यावर जी धसकटं उभी राहतात ती मोटारसायकलचा टायर फोडतात. कोंबडी त्यांतूनच दाणे टिपत फिरते. बाभळीचा काटा, बोरीचा काटा, कुंपणाला लावलेल्या पऱ्हाट्यांची टोकं हे सगळं आहेच. मग खुराडं. तुराट्यांचं केलेलं खुराडं हवेशीर असतं, पण खाली टोकं वर आलेली असतात. हल्ली जाळीच्या तळाचे पिंजरे आले. विष्ठा खाली पडते म्हणून मालकाला सोयीचे, पण तळव्याला तारेची धार चोवीस तास. खाली तूस किंवा कुटार अंथरलं आणि पावसाळ्यात ते बदललं नाही तर ओल आणि विष्ठा मिळून त्याला उग्र वास सुटतो. डोळ्यांना झोंबणारा तो वायू तळव्याची कातडीही जाळतो. आणि वजन. गावरान कोंबडी दीडेक किलोची. गिरिराजा, वनराजा या जाती परसात पाळायला चांगल्या, पण नर अडीच-तीन किलोंचा होतो आणि हा गडी रात्री पाच फुटांवरच्या वाशावर चढून बसतो. सकाळी तिथून शहाबादी फरशीवर उडी मारतो. रोज. असीलचं तेच. आपल्यापैकी कुणी सकाळी उठून रोज माडीवरून अनवाणी उडी मारत असेल तर त्यानं आपले तळवे दाखवावेत.

आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नव्या पोरांनी पखाल पाहिलेली नसते: रेड्याच्या पाठीवरून पाणी वाहायची कातड्याची मोठी पिशवी. मूर्ख माणूस आजारी रेडा सोडून पखालीला औषध लावतो, असा त्या म्हणीचा अर्थ. आयुष्यभर ही म्हण मी इतरांना ऐकवली. पण तळव्याच्या कुरुपापुरती ती उलटी वाचावी लागते. रोग पक्ष्याला आहे, पण औषध द्यायचं ते दांडीला, खुराड्याच्या तळाला, दाण्याच्या वाटीला. पुस्तिकेतले जे इलाज खरोखर लागू पडले, त्यांची मी माझ्या परीनं छाननी केली. मलम कोणतंही असो, बरा झालेला पक्षी त्याच आठवड्यात नव्या जागी हलवलेला होता. कुणी जाळीवर पोतं अंथरलं होतं, कुणी कोंबडी परडीत मऊ कुटारावर बसवली होती. गुण हळदीला मिळाला. काम पोत्यानं केलं होतं.

म्हणून पहिला इलाज कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांदीचा. साल असलेल्या, कमी-जास्त जाडीच्या, वेगवेगळ्या उंचीवर बांधलेल्या फांद्या. फवारणी झालेल्या झाडाची फांदी नको, एवढं पाहा. कपाशीच्या पट्ट्यात बांधावरच्या झाडावरही फवारा उडालेला असतो. कोंबड्यांसाठी दोन-अडीच इंच रुंद चपटी पट्टी, कडा रंध्यानं गोल केलेल्या, जमिनीपासून दीड फुटाच्या वर नाही. दुकानात मिळणाऱ्या सँडपेपरच्या नळ्या दांडीवर चढवू नका. नख झिजावं म्हणून त्या विकतात, झिजतो तळवा.

दुसरा इलाज वाटीतला. ज्याला बाजारात लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतो, ऑस्ट्रेलियातून आलेला बजरीगर असतो. पण नाव काही असलं तरी खाणं एकच, वर्षानुवर्षं नुसती राळं आणि बाजरी. पोपटवर्गातल्या मोठ्या पक्ष्यांना नुसत्या सूर्यफुलाच्या बिया. यात जीवनसत्त्व अ जवळजवळ नसतं, आणि ते नसलं की कातडी जाड, कोरडी, भेगाळ होते, तळव्याचीही. शेवग्याचा पाला, पालक, लाल भोपळा, गाजर, पपई. यातलं काहीही रोज थोडं. शेवगा तर दारात असतो. जीवनसत्त्वाचे थेंब मात्र अंदाजानं पाजू नका. ते शरीरात साठतं आणि जास्त झालं तर विष होतं. सूर्यफुलानं पक्षी लठ्ठही होतो, आणि लठ्ठ पक्ष्याचा तळवा बरा होत नाही.

आता प्रत्यक्ष पायाला लावायचे इलाज. इथं पुस्तिका ऐसपैस आहे, मी मोजकंच सांगतो.

कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवणं सगळ्यांनीच सांगितलं आहे आणि ते बरोबर आहे. कोंबडीला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचं, पाय भांड्यात सोडायचा. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून एकदा. मळ निघतो, खपली मऊ होते, पक्ष्याला आराम पडतो. परदेशी पुस्तकांत पानोपानी भेटणारं एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. कपाशीवर लाल्या आला की आपण कृषी केंद्रातून आणून फवारतो तेच. पण खताच्या पिशवीतलं पक्ष्याला नको, औषधाच्या दुकानात शुद्ध मिळतं. ते पाणी पक्ष्याला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त काम कोमट पाणीच करतं. पाण्यात पोव्हिडोन आयोडीन टाकायचं तर पातळ चहाच्या रंगाइतकं, त्याहून गडद नाही. आणि नंतर पाय कोरडा करायचा. ही पायरी सगळे विसरतात.

हळदीबद्दल बोललो नाही तर मला गावात फिरू देणार नाहीत. शेजारच्या हिंगोली-वसमत पट्ट्यात हळदीचे ढीग लागतात आणि जखम म्हटली की आपला हात डब्याकडे जातो. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआरनं ते लढवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावा. पण ते रद्द झालं ते हळदीचा वापर नवा नाही हे सिद्ध झालं म्हणून. हळदीनं कोंबडीचं कुरूप बरं होतं, असा निकाल तिथं कुणी दिलेला नाही. हळद जंतूंना थोडीफार रोखते, हे खरं. पण ती कातडीच्या वर राहते, खडा आत असतो. शिवाय कोरडी हळद दाबून भरली की तिचाच पापुद्रा होतो, आणि पिवळ्या रंगाखाली सूज वाढतेय की उतरतेय ते दिसत नाही. उघड्या, ताज्या खरचटण्यावर चिमूटभर ठीक. भेसळीचा रंग असलेली नको, घरी कुटलेली घ्या.

मधाला मी हळदीपेक्षा वरचा नंबर देतो. खरा मध जखमेतलं पाणी ओढून घेतो, त्यात जंतू वाढत नाहीत. तो पट्टीच्या आत लावायचा. उघडा लावला तर अर्ध्या तासात पिंजऱ्यात मुंग्यांची रांग लागते आणि पक्षी रात्रभर नाचतो. कोरफडीचा आतला पांढरा गर चालतो. कापल्यावर सालीलगत निघणारा पिवळा कडू चीक आधी निथळून टाका. पक्षी चोचीनं पाय साफ करतो, म्हणजे पायाला लावलेलं सगळं पोटात जातं. कोणतंही औषध लावताना हे डोक्यात असू द्या.

आणि चुंबळ. हा इलाज मला पुस्तिकेतला सगळ्यात आवडलेला, कारण तो औषधच नाही. डोक्यावर घागर ठेवताना बायका फडक्याचं वेटोळं ठेवतात ना, तीच चुंबळ, पण रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी. सरकी काढलेला स्वच्छ कापूस जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीत गुंडाळून वळी करायची, तिचं कडं शिवून घ्यायचं. जखम कड्याच्या भोकात येईल असं ते तळव्याला टेकवायचं आणि वरून बोटांच्या मधून पट्टी फिरवत आणून पायाच्या नळीवर हलकी गाठ. कोंबडी उभी राहिली की भार कड्यावर येतो, जखम अधांतरी राहते. जखमेला हेच हवं असतं. बोटं गार किंवा निळसर झाली तर पट्टी घट्ट झाली, लगेच सोडा. दोन दिवसांनी बदला, ओली झाली तर त्याआधी. परदेशातले पक्षीवैद्य हेच करतात, फक्त त्यांचं कडं फोमचं असतं. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला फोमची गरज नाही. याडीच्या कोंबडीला आम्ही हेच केलं, चुंबळ आणि परडीत कुटार. गाठ पूर्ण गेली नाही, पण सहा आठवड्यांत ती लंगडायची थांबली आणि अंड्यावर आली. दुसऱ्या पायाकडेही रोज पाहायला मी याडीला सांगितलं होतं, कारण दुखरा पाय उचलून धरणारी कोंबडी सगळा भार चांगल्या पायावर टाकते आणि महिन्यात तोही जातो.

बजरीगर चाळीसेक ग्रॅमचा, त्याला चुंबळ बांधता येत नाही. तिथं दांडीलाच सुती पट्टी गुंडाळा आणि चार दिवसांनी धुऊन बदला. पट्टीचे दोरे सुटलेले नकोत. २०१९ मध्ये पॅरिसच्या अभ्यासकांना आढळलं की शहराच्या ज्या भागात केस कापायची दुकानं जास्त, तिथल्या कबुतरांची बोटं जास्त झडलेली. केस आणि दोरे बोटांना गुंडाळतात, आवळत जातात, बोट वाळून गळतं. आपल्याकडे शिंप्याच्या दुकानापुढचे दोरे आहेत, विंचरलेल्या केसांचे गुंतवळे आहेत, नायलॉनचा मांजा आहे. कबुतराचं बोट सुजलं तर मलमाआधी डोळ्याला चष्मा लावून दोरा शोधा.

पायाची नळी खडबडीत होऊन खवले उभे राहिले असतील तर ते कुरूप नव्हे, खवल्यांखाली शिरलेली बारीक किडं आहेत. इथं मात्र घरच्या इलाजाला पुरे गुण देतो. पाय कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशनं हलके घासायचे आणि करंजाचं किंवा साधं खोबऱ्याचं तेल फक्त नळीवर चोळायचं. तेलाखाली किडं गुदमरतात. तीन-चार दिवसांआड, महिनाभर, पिसांना न लावता. या तेलात रॉकेल मिसळायची जुनी पद्धत आहे. ती बंद करा. रॉकेलनं कातडी जळते आणि चोचीतून ते पोटात जातं.

रॉकेलपेक्षाही मला भीती आहे ती घरातल्या औषधांच्या डब्याची. खाजेवर म्हणून मेडिकलवरून सर्रास आणलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. पक्ष्यांना ते फार बाधतं, जंतूंशी लढायची ताकदच जाते. बधिर करणारी मलमंही नकोत. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळी बजरीगरच्या पाण्यात टाकणारे भले लोक मला भेटले आहेत. हिशेब करा. पाव गोळी म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅम, पक्षी पस्तीस ग्रॅमचा. साठ किलोच्या माणसानं सव्वाचारशे गोळ्या खाव्यात तेवढं हे होतं. आणि डायक्लोफेनॅक. जनावरांना टोचलेल्या या औषधानं मढी खाणारी गिधाडं देशभरातून जवळजवळ संपली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पक्ष्याच्या मूत्रपिंडाला ते काय करतं ते आपल्या आकाशानं दाखवलं आहे. ते मलमातूनही नको.

होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांची नोंदही पुस्तिकेत आहे. त्या गोळ्यांनी पक्ष्याला अपाय झालेला मी पाहिला नाही, उपाय झालेलाही पाहिला नाही. अपाय होतो तो वाट पाहण्यात गेलेल्या पंधरा दिवसांनी.

काही ठिकाणी घरचा इलाज सुरूच करू नये. एक पाय पुढे, एक मागे असा लुळा पडलेला तरुण पक्षी मरेक्सचा असू शकतो, आणि त्याला औषध नाही, लस पिल्लू जन्मताच द्यायची असते. पिल्लांची बोटं आत वळत असतील तर बहुधा जीवनसत्त्व ब-२ कमी आहे. बजरीगरच्या पायाच्या सांध्यांवर पांढुरके मोत्यासारखे फोड आले तर ते युरिक आम्लाचे साठे असतात. फोडले तर रक्त थांबत नाही. आणि पायाच्या नळीवर लाल-जांभळे डाग, सोबत खुराड्यात एकापाठोपाठ मरतूक, असं दिसलं तर पायाला हातही लावू नका. बर्ड फ्लूची ती एक खूण आहे. नवापूरला २००६ मध्ये तो देशात पहिल्यांदा सापडला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तर परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यापर्यंत, म्हणजे आपल्या उंबऱ्याशी आला होता.

एक गोष्ट अडचणीची आहे, पण टाळत नाही. पुस्तिकेतल्या काही नोंदी राघूच्या आहेत. आपला राघू, म्हणजे देशी पोपट, पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तीतही तो संरक्षित आहे. त्या नोंदी काढून टाकाव्यात असं मी आधी म्हणालो होतो, नंतर मत बदललं. लोखंडी गोल पिंजऱ्यात बारा वर्षं एकाच कडीवर बसून तळवे सोललेला राघू मी पाहिला आहे. कायदा वाचून त्याचे तळवे भरणार नव्हते. पण उपचार केला म्हणून गुन्हा पुसला जात नाही, आणि दया आली म्हणून त्याला खिडकीतून सोडून देणं हाही उपाय नाही. असा पक्षी धड उडूही शकत नाही. वनखात्याच्या स्वाधीन करा.

दोन क्रमांक लिहून ठेवा. पाळीव पक्ष्यासाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२, वन्यपक्ष्यासाठी वनखात्याचा १९२६. आकडे तेच आहेत, फक्त जागा बदललेल्या, त्यामुळे घाईत हमखास चुकतात.

पुस्तिका नंतर वाचली तरी चालेल. आज अंधार पडल्यावर कोंबड्या खुराड्यात शिरल्या की बॅटरी घेऊन जा. अंधारात त्या धडपड करत नाहीत. एकेक उचला, पाय उलटे करा, दोन्ही तळव्यांवरून अंगठा फिरवा. मग खाली वाकून त्या कशावर उभ्या होत्या तेही पाहा.